बसलेल्या पेडलचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शन होते आणि आम्ही तिघे संस्थेच्या जुन्या पिकअपमधून साहित्य घेऊन निघालो होतो. दुर्बीण, तक्ते, लाकडी चौकटी, काचसामान असा बराच बोजा मागे होता. घाट चढेपर्यंत सारे ठीक होते. उतरताना मध्यावर आल्यावर ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, "साहेब, पेडल बसतंय." त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि पेडल फळीला टेकले होते, गाडी मात्र चाललीच होती. काकांनी पेडल दोन-तीनदा भरभर दाबले, गाडी दुसऱ्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये आणली, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला रुंद जागा पाहून ती कशीबशी उभी केली.

खाली उतरून आम्ही पाहिले. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरलेली, कुठे गळती नाही. अर्धा तास गेला. काकांनी पुन्हा पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखेच घट्ट! आम्ही म्हणालो, "झाला की बरा. चला." काका म्हणाले, "बरा नाही झाला साहेब, नुसता थंड झालाय."

उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत उतरलो. काकांचे म्हणणे खरे होते आणि विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आम्हा तिघांचे चुकीचे. ते का, याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ब्रेकच्या इतिहासात शिरलो. जुन्या गाडीचा कमजोर ब्रेक दुरुस्त करायचा असेल, तर हा इतिहास ठाऊक असणे फार उपयोगी पडते, असे आमच्या लक्षात आले. म्हणून तो शिक्षक मित्रांपुढे मांडत आहोत.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत तो गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. दोन टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २.८ लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून ९६ अंशांपर्यंत तापेल. म्हणजे एकदा थांबणे म्हणजे चहाचे आधण ठेवणेच. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते, हे सूत्रावरून विद्यार्थ्यांनाही सांगता येईल.

आता घाटाचा विचार करा. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरली, तर स्थितिज ऊर्जेतून सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याएवढी ही ऊर्जा आहे. गाडी लहान गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलते. ती मोठ्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असेल, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. घाटाच्या सुरुवातीला लहान गिअर टाकण्याची पाटी असते ती एवढ्यासाठीच.

लाकूड, जुने बूट आणि ॲस्बेस्टॉस

घोडागाडीचा ब्रेक म्हणजे चाकाच्या लोखंडी धावेवर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर हे ठोकळे लवकर झिजत. त्यावर जुन्या बुटांचे तळवे ठोकून गाडीवान वेळ भागवत, असे सांगतात. हर्बर्ट फ्रूड या माणसाने त्याकडे लक्ष दिले आणि घर्षणासाठी अधिक चांगला पदार्थ शोधायला सुरुवात केली. १८९७ मध्ये त्याने सुरू केलेल्या उद्योगाचे नाव 'फेरोडो'. आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने हे नाव तयार केले होते. पुढे मोटारींचा वेग वाढला, तसे कापूस आणि चामडे करपू लागले. मग न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे लायनिंग आले आणि ते जगभर पसरले.

याच सुमारास ब्रेकची जागाही बदलली. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतून पसरणाऱ्या 'शू'ची रचना केली. ड्रममुळे चिखल-पाण्यापासून ब्रेकचे रक्षण झाले. शिवाय फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्या काळच्या साहित्याला तो झेपला नाही आणि त्याला पन्नास वर्षे वाट पाहावी लागली.

पास्कल आणि चामड्याची वाटी

ब्रेक चाकात होता, पण पायाचा जोर तिथपर्यंत न्यायचा कसा? सुरुवातीला सळ्या, तारा आणि साखळ्या वापरत. चार चाकांच्या चार सळ्या सारख्या ताणाच्या ठेवणे ही मोठी कटकट होती. एक ब्रेक आधी लागला की गाडी त्या बाजूला ओढली जायची.

यावरचा उपाय पुस्तकात अडीचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याचा द्रवांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा याने त्या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. दट्ट्याच्या कडेने होणारी गळती ही त्यातली मोठी अडचण होती. ती चामड्याच्या वाटीने सुटली. वाटीचे तोंड दाबाच्या बाजूला असते. द्रवाचा दाब वाढला की वाटीचे काठ पसरून सिलिंडरच्या भिंतीला अधिक घट्ट चिकटतात. म्हणजे दाब जेवढा जास्त, तेवढा बंदोबस्त पक्का. या युक्तीचे श्रेय ब्रामाचा कारागीर हेन्री मॉड्स्ले याला देतात. आज गॅरेजमध्ये ब्रेकचे 'किट' म्हणून जी रबरे मिळतात, ती याच वाटीची वंशज आहेत.

मोटारीसाठी द्रवचलित ब्रेक तयार केला अमेरिकेच्या माल्कम लॉकहीड याने. १९२१ मध्ये असे ब्रेक लावलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीने जिमी मर्फीच्या हाती फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली. त्याच सुमारास चारही चाकांना द्रवचलित ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग बाजारातही आली. लॉकहीडच्या मूळ रचनेत चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळत असत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबरी वाट्या घालून ही रचना सुधारली आणि ती मध्यमवर्गीय गाडीतही आली.

एक छोटे गणित करू. पाय पेडलवर २०० न्यूटन जोर देतो. पेडल ही तरफ. ती हा जोर सहापट करते, म्हणजे १,२०० न्यूटन. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला २४० न्यूटन, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २४ पट दाब तयार होतो. तो चार चाकांतल्या आठ दट्ट्यांवर सारखाच पोहोचतो. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक दट्ट्या १,४४० न्यूटन जोराने शूला दाबेल.

जोर वाढला, पण निसर्ग फुकट काही देत नाही. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला, तर १५ घन सेंटिमीटर द्रव पुढे जातो. तो आठ दट्ट्यांत वाटला की प्रत्येक दट्ट्या जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो. लायनिंग झिजून शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढले, की पेडलची सारी चाल ते अंतर भरण्यातच संपते. जुन्या पिकअपचे पेडल खोल जाण्याचे सर्वांत साधे कारण हेच. आणि शू 'टाइट' करणे म्हणजे हे अंतर पुन्हा कमी करणे.

फोर्डची शंका

सर्वांनी हा ब्रेक लगेच स्वीकारला नाही. शेव्हरोलेने १९३६ च्या गाड्यांना आणि छोट्या पिकअपना तो बसवला. हेन्री फोर्डची कंपनी मात्र १९३८ पर्यंत सळ्या-तारांच्या ब्रेकला धरून राहिली. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच असल्याने आपला ब्रेक सुरक्षित, अशी तिची जाहिरात असे. १९३९ च्या गाड्यांपासून तिनेही द्रवाचा ब्रेक घेतला.

इतिहास लिहिताना आपण अशा लोकांना जुनाट ठरवून मोकळे होतो. परंतु त्या शंकेत तथ्य होते. सळी तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. पण एका मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना जाणारी नळी कुठेही फुटली, तर चारही ब्रेक एकदम जातात. या प्रश्नाला उत्तर होते, एका सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे आणि दोन स्वतंत्र नळ्या. एक फुटली तरी दुसरी निम्मे ब्रेक चालू ठेवते. कॅडिलॅक आणि रॅम्बलर गाड्यांना असा दुहेरी सिलिंडर मिळाला तो १९६२ मध्ये. अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला १९६६ मध्ये आणि प्रवासी मोटारींना त्याखालील नियम लागू झाले १९६८ पासून. शेव्हरोले पिकअपना दुहेरी सिलिंडर १९६७ मध्ये आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९७१ मध्ये मिळाले. ड्यूसेनबर्गपासून मोजले, तर त्या शंकेचे उत्तर यायला चाळीस वर्षे लागली. नवी गोष्ट चांगली चालते आहे, म्हटल्यावर तिच्यातला धोका लोक विसरून गेले.

आपल्याकडेही हा वारसा आला. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. महायुद्धातल्या त्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि एकेरी मास्टर सिलिंडर होता. म्हणून कोणतीही फार जुनी गाडी हाती आली, की तिचा सिलिंडर एकेरी आहे की दुहेरी, हे पहिल्यांदा पाहावे. एकेरी असेल, तर गंजलेली नळी किंवा तडा गेलेला रबरी होज यांच्याशी तडजोड करू नये. तिथे दुसरी संधी नसते.

'ब्रेक ऑइल' हे ऑइल नव्हे

आता आमच्या पिकअपकडे वळू. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण तो पदार्थ तेल नाही. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. पुढे ग्लायकॉल वर्गातील द्रव आले. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात. नावाला भुलून कोणी त्या डबीत इंजिनचे ऑइल ओतले, तर आधी एकेक वाटी फुगते आणि मग सगळा ब्रेक निकामी होतो.

ग्लायकॉलचा दुसरा गुण असा की तो पाणी शोषतो. हा निव्वळ दोष नव्हे. शोषले नसते, तर पाणी सखल जागी साठून नळ्या गंजवीत बसले असते आणि १०० अंशांच्या आसपास उकळले असते. पण शोषलेल्या पाण्याचीही किंमत मोजावी लागते. डॉट-३ प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डबीच्या झाकणातून, रबरी होजमधून दमट हवेतील बाष्प वर्षानुवर्षे आत जातच असते.

घाटात ड्रम तापले, उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत गेली आणि आमच्या पिकअपचा जुना द्रव उकळला. एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढे पाणी, म्हणजे ०.०१ ग्रॅम, हवेच्या दाबाला वाफ होऊन सुमारे १७ घन सेंटिमीटर जागा व्यापते. मास्टर सिलिंडरची सारी चाल १५ घन सेंटिमीटरची! वाफेने द्रवाला डबीत मागे ढकलले आणि पेडल ती वाफ दाबण्यातच बसत गेले. अर्ध्या तासाने वाफेचे पुन्हा पाणी झाले, पेडल घट्ट झाले. डबी भरलेली होती, कारण द्रव कमी झालाच नव्हता. तो म्हातारा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाकाचे निपल उघडले तेव्हा काळ्या चहासारखा द्रव बाहेर आला. "हे कधी बदललं होतं?" त्यांनी विचारले. आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. डबीतली पातळी सगळे बघत होते, वय कोणीच विचारले नव्हते.

पेडल काय सांगते?

मिस्त्रींनी मग आम्हाला पेडलची भाषा शिकवली. पेडल खोल जाते, पण दोनदा दाबल्यावर वर येते: शू सैल आहेत. पेडल स्पंजासारखे लागते: नळीत हवा आहे. २५ पट दाबाखाली ५ घन सेंटिमीटर हवा आकसून ०.२ एवढी उरते. म्हणजे पेडलची एक तृतीयांश चाल ती एकटीच खाते. मग चाकाचाकाचे निपल उघडून हवा काढावी लागते. पेडल दाबून धरले असता सावकाश खाली जाते: मास्टर सिलिंडरची वाटी आतल्या आत सोडते आहे किंवा कुठेतरी गळती आहे. गाडी एका बाजूला ओढते: एका चाकाचा दट्ट्या अडकला आहे किंवा लायनिंगला तेल लागले आहे.

पेडल दगडासारखे कठीण, पण गाडी थांबत नाही, ही तक्रार वेगळी. लायनिंग गुळगुळीत झाले असेल किंवा बूस्टर चालत नसेल. निर्वात पोकळीच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारे हे साधन बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणले. ही पोकळी इंजिन चालू असतानाच तयार होते. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारा चालक दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की ही मदत गमावून बसतो.

पिकअपचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे रिकामी असताना तिच्या मागच्या चाकांवर फार थोडे वजन असते. ब्रेक लावताना तेही पुढे सरकते आणि मागची चाके घसरतात. म्हणून अनेक पिकअपना बोजाप्रमाणे मागचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते. ती गंजून अडकली, तर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमजोर वाटतात आणि दोष मात्र लायनिंगला दिला जातो.

लायनिंगची किंमत

ड्रम उघडताना मिस्त्रींच्या पोऱ्याने आतली धूळ फुंकायला तोंड पुढे नेले. मिस्त्रींनी त्याला मागे ओढले. ते त्यांनी कोठून शिकले ठाऊक नाही, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ ही तरुण कामगार स्त्री १९२४ मध्ये मरण पावली. तिच्या फुप्फुसांत सापडलेल्या तंतूंची नोंद डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. मधली पंच्याहत्तर वर्षे या तंतूंनी लाखो प्रवाशांना सुखरूप थांबवले आणि ते बनवणाऱ्या, झिजवणाऱ्या, फुंकून साफ करणाऱ्या हातांना आजारी पाडले. जुन्या गाडीतली धूळ फुंकू नये, हवेच्या झोतानेही उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी.

वर्गात करून पाहा

इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची, दुसरी २० ची, सुया नकोत. सलाइनच्या नळीने त्या जोडा आणि पाणी भरा. लहान दट्ट्या एका मुलाने, मोठा दुसऱ्याने दाबावा. लहान दट्ट्यावरचा बारीक मुलगा जिंकतो! आता नळीत हवेचा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. बसणारे पेडल मुलांच्या हाताला कळेल. मग विचारा: सगळ्या चाकांना एकच नळी असेल आणि ती फुटली तर? खऱ्या गाडीचे ब्रेक मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच उघडून घ्यावेत.

आमच्या पिकअपचा सगळा द्रव बदलला, चार रबरी होज आणि एका व्हील सिलिंडरच्या वाट्या नव्या घातल्या, शू टाइट केले. खर्च फार झाला नाही. परत निघण्यापूर्वी ड्रायव्हरकाकांनी रंगाची डबी मागून घेतली आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला द्रव बदलल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहिली. त्यानंतर दर दोन वर्षांनी त्या तारखेखाली नवी तारीख पडत गेली.